छत्तीस मुले, छत्तीस चिठ्ठ्या आणि भलतेच उत्तर : रेणूंची यादृच्छिक गती बारावीला कशी शिकवावी?

खडूची धूळ (प्रश्न)

नमस्कार. मी मुंबईतील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बारावीच्या पुस्तकात वायूंच्या गतिज सिद्धांताचे प्रकरण आहे आणि त्याच्या गृहीतकांमध्ये 'वायूचे रेणू सतत यादृच्छिक गतीत असतात' अशा अर्थाचे एक वाक्य येते. त्या वाक्यावरून आम्ही सगळेच लगबगीने पुढे सरकतो, दाबाचे सूत्र फळ्यावर सिद्ध करतो आणि उदाहरणांकडे वळतो. 'यादृच्छिक' म्हणजे काय, असे विचारले की निम्मा वर्ग 'कसेही' असे उत्तर देतो. यंदा मात्र एका मुलीने उलट विचारले की, रेणू जर कसेही फिरत असतील, तर त्यांच्यातून दाबासारखी काटेकोर राशी निघते कशी. दाबमापकाचा काटा सारखा थरथरत का राहत नाही? मला तिथल्या तिथे समाधानकारक उत्तर देता आले नाही.

आजवर मी यादृच्छिक गतीसाठी संध्याकाळच्या दादर स्थानकाच्या पुलाचे उदाहरण देत आले. त्याऐवजी या वेळी वर्गात एक खेळ घ्यायचा ठरवले. त्या दिवशी हजर असलेल्या ३६ मुलांना प्रत्येकी एक चिठ्ठी दिली. चिठ्ठी म्हणजे ऊर्जेचा एक कण आणि मूल म्हणजे एक रेणू, अशी कल्पना. चिठ्ठ्यांवर १ ते ३६ क्रमांक होते. बिस्किटांच्या एका डब्यात चिठ्ठ्यांच्या क्रमांकांचे कागद आणि दुसऱ्या डब्यात मुलांचे हजेरी क्रमांक ठेवले. पहिल्या डब्यातून निघालेल्या क्रमांकाची चिठ्ठी ज्याच्याकडे असेल, त्याने ती दुसऱ्या डब्यातून निघालेल्या मुलाला द्यायची आणि दोन्ही कागद पुन्हा डब्यात टाकायचे. अशा दोनशे देवघेवी केल्या.

माझ्या वाचनानुसार शेवटी साधारण १८ मुलांकडे एकही चिठ्ठी नसावी, ९ मुलांकडे एक, चार-पाच मुलांकडे दोन, असे प्रत्येक पायरीला निम्मे होत जायला हवे होते. आमच्याकडे निघाले ते असे : शून्य चिठ्ठ्या १३ मुलांकडे, एक चिठ्ठी १४ मुलांकडे, दोन ६ मुलांकडे, तीन दोघांकडे आणि चार एकाकडे. दुसऱ्या तुकडीत १३, १३, ७, ३ असे आले. एकदा योगायोग म्हणता येईल, पण दोन्ही तुकड्यांत तोच आकार आल्यावर माझी खात्री झाली की चूक नशिबाची नसून माझी आहे. ती कुठे झाली?

जोडीने दुसरा प्रश्न. रेणूंचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर असतो, असे सांगितल्यावर एका मुलाने विचारले की मग देवघरातल्या उदबत्तीचा वास दिवाणखान्यात पोहोचायला मिनिटभर का लागतो. मी 'टकरींमुळे' असे उत्तर दिले. ते पुरेसे आहे का?

संख्यावाला

मॅडम, आपल्या हिशेबात चूक नाही आणि मुलांनीही खेळ नीट खेळला आहे. फक्त आपण जो खेळ वाचला आणि जो खेळलात, ते दोन वेगळे खेळ आहेत.

आपल्या नियमात सोडतीत चिठ्ठी निघते. त्यामुळे ज्याच्याकडे चार चिठ्ठ्या आहेत त्याच्यावर देण्याची पाळी एक चिठ्ठी असलेल्याच्या चौपट वेळा येते, म्हणजे ज्याच्याकडे साठा जास्त तो भराभर रिकामा होतो. मूळ खेळात सोडतीत मूल निघते. तिथे चार चिठ्ठ्यांच्या मालकाला आणि एका चिठ्ठीच्या मालकाला देण्याची संधी अगदी सारखी असते, त्यामुळे साठा टिकतो आणि दुसऱ्या टोकाला रिकाम्या हातांची संख्या वाढते. आपल्या नियमाने प्रत्येक चिठ्ठी इतर चिठ्ठ्यांची पर्वा न करता ३६ पैकी कोणत्याही मुलाकडे सारख्याच संभाव्यतेने जाऊन पडते. तेव्हा एखादे मूल रिकामे राहण्याची संभाव्यता म्हणजे ३५/३६ या अपूर्णांकाचा ३६ वा घात, म्हणजे सुमारे ०.३६ आणि त्याला ३६ ने गुणले की १३. पुढचे आकडेही याच पद्धतीने काढले तर साधारण १३, ७ आणि २ येतात. आपल्या दोन्ही तुकड्यांचे निकाल याच्या इतके जवळ आहेत की मी आपल्या जागी असतो तर मुलांना पेढे दिले असते.

वर्गात हे फळ्यावर दाखवायचे असेल, तर ३६ सोडून फक्त दोन मुले आणि दोन चिठ्ठ्या घ्या. चिठ्ठ्यांना क्रमांक असतील तर चार शक्यता होतात : दोन्ही पहिल्याकडे, दोन्ही दुसऱ्याकडे, किंवा एकेक, आणि 'एकेक' हा प्रकार दोन तऱ्हांनी घडतो. म्हणून एकेक वाटणीची संभाव्यता निम्मी. चिठ्ठ्या एकमेकींपासून ओळखूच येत नसतील आणि सोडत मुलांची असेल, तर तीनच स्थिती उरतात आणि तिन्ही सारख्याच वेळा येतात. म्हणजे एकेक वाटणीची संभाव्यता एक तृतीयांश. एवढ्या एका फरकाने पुढचे सगळे बदलते.

मूळ नियमात एक अट मात्र कसोशीने पाळावी लागते. सोडतीत निघालेल्या मुलाचा हात रिकामा असेल तर ती खेळी वाया गेली असे मोजायचे. 'याच्याकडे नाही, दुसरा काढा' असे केले की रिकाम्या हातांच्या स्थितींना मिळणारा वेळ कमी होतो आणि आकडे पुन्हा बिघडतात. मुलांना वाया गेलेली खेळी आवडत नाही आणि ती पटकन डब्यात हात घालतात, तेव्हा डबा आपल्याच हातात ठेवा.

आपला खेळही टाकाऊ नाही, हे मुद्दाम सांगतो. खोलीचे ३६ कप्पे कल्पून त्यांत ३६ रेणू विखुरले तर किती कप्पे रिकामे राहतील, याचे उत्तर आपल्या खेळातून मिळते. ऊर्जेच्या कणांना मात्र क्रमांक लावता येत नाहीत. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात असताना सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी अशाच, क्रमांक न लावण्याच्या रीतीने केली आणि त्यातून तप्त वस्तूच्या प्रकाशाचे प्लांकचे सूत्र निघाले. आइन्स्टाइन यांनी तो लेख स्वतः जर्मनमध्ये अनुवादित करून छापवला. आपल्या दोन तुकड्यांनी नकळत दुसऱ्या बाजूने त्याच प्रश्नाला हात घातला आहे.

आणि त्या 'कसेही' या उत्तराबद्दल. सोडत कोणाची, चिठ्ठीची की मुलाची, एवढे ठरले की शेवटचा आकार ठरतो. तेव्हा यादृच्छिक गतीलाही नियम असतो, तो फक्त पुढची एकेक खेळी सांगत नाही. म्हणूनच दादरच्या पुलाचे उदाहरण मला पटत नाही. त्या पुलावरच्या प्रत्येकाला ६.१२ ची लोकल गाठायची असते. धक्के कितीही बसले तरी माणूस आपल्या फलाटाकडेच सरकतो, आणि रेणूला फलाट नसतो.

वेळापत्रक

चर्चा उद्बोधक आहे, तरीही एक व्यावहारिक शंका मांडतो. मीही बारावीलाच शिकवतो. बोर्डाच्या परीक्षेत दाबाच्या सूत्राची सिद्धता विचारली जाते, सीईटीत सूत्रात आकडे घालायला सांगतात, आणि दोनशे सोडती काढायला किमान दोन तास जातात. जानेवारीत अभ्यासक्रम संपवताना आपली सगळ्यांची कशी त्रेधा उडते, हे वेगळे सांगायला नको. असे खेळ अकरावीत घेतले तर वेळ मिळेल, पण मग प्रकरण पुढच्या वर्षीचे! शिवाय, 'एन्ट्रॉपी म्हणजे पसारा' असे एका वाक्यात सांगून मुले समाधानी होत असतील, तर त्यापलीकडे जाण्याची खरोखर गरज आहे का?

जुना फळा

मी निवृत्त होऊन आठ वर्षे झाली, त्यामुळे वेळापत्रकाचा जाच मला आता नाही, हे आधी मान्य करतो. पण 'पसारा' या शब्दाबद्दल राहवत नाही. पसारा हा पाहणाऱ्याच्या मनाचा निवाडा असतो. माझे टेबल पत्नीला पसारा वाटते आणि मला प्रत्येक कागद कुठे आहे ते ठाऊक असते. एन्ट्रॉपी म्हणजे रेणूंची मांडणी किती तऱ्हांनी होऊ शकते याची मोजणी आहे. दहा रेणू डब्याच्या दोन भागांत वाटले जाण्याच्या एकूण १०२४ तऱ्हा. त्यांपैकी सगळे डावीकडे असण्याची तऱ्हा एक आणि पाच-पाच वाटणीच्या तऱ्हा २५२. व्हिएन्नातील भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमान यांच्या समाधीवर कोरलेले सूत्र याच मोजणीचे आहे. त्यात नीटनेटकेपणाचा काहीही संबंध नाही. हे सांगायला दहा मिनिटे पुरतात.

आता उदबत्ती. मॅडम, 'टकरींमुळे' हे उत्तर अर्धे बरोबर आहे आणि त्याचा हिशेब मांडला की उरलेल्या अर्ध्याची गंमत कळते. नेहमीच्या हवेत रेणू दोन टकरींच्या मध्ये सरासरी सत्तर नॅनोमीटर जातो, म्हणजे सेकंदात त्याच्या सुमारे सात अब्ज टकरी होतात. प्रत्येक टकरीनंतर दिशा बदलते. अशा चालीत कापलेले अंतर वेळेच्या प्रमाणात वाढत नाही. अंतराचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. हवेतल्या वासाच्या रेणूंसाठी विसरणांक, म्हणजे टकरी खात पसरण्याची त्वरा दाखवणारा आकडा, ढोबळमानाने सेकंदाला एक लाखांश चौरस मीटर धरा. अंतराचा सरासरी वर्ग म्हणजे दोन गुणिले विसरणांक गुणिले वेळ. पाच मीटरसाठी हिशेब केला तर साडेबारा लाख सेकंद येतात, म्हणजे जवळजवळ पंधरा दिवस! म्हणजे मुलाचा प्रश्न उलटा करून विचारायला हवा : वास मिनिटभरात पोहोचतो तरी कसा? तो पंख्याच्या वाऱ्याने, खिडकीतून येणाऱ्या झुळकीने आणि उदबत्तीच्या स्वतःच्या उष्णतेने वर चढणाऱ्या हवेने पोहोचतो. उदबत्ती हे विसरणाचे उदाहरण म्हणून शाळेपासून शिकवले जाते, मीही तीस वर्षे तेच शिकवले, आणि हा हिशेब मी प्रथम मांडला तो निवृत्तीच्या अलीकडे. पाण्यातल्या शाईच्या थेंबाचीही तीच गत आहे. तिथे शाईचे जे सुंदर धागे खाली उतरताना दिसतात, तो प्रवाह असतो.

खरे विसरण दाखवायचे तर प्रवाह बंद केला पाहिजे. त्यासाठी किराण्याच्या दुकानातला चायना ग्रास आणावा, पाण्यात उकळून परीक्षानळीत अर्ध्यापर्यंत ओतावा आणि गोठू द्यावा. वर खाण्याच्या रंगाचे पाणी घालून नळी एका जागी उभी ठेवावी. रंगाची कड तासाभरात काही मिलिमीटर उतरते. सकाळी आठला सुरुवात केली तर नऊ वाजता, बारा वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे एक, चार आणि नऊ तासांनी, खूण करावी. खोली साधारण एकास दोनास तीन अशी भरते. तास खर्ची पडत नाही, नळी कोपऱ्यात उभी राहते आणि मुले मधल्या सुट्टीत येऊन पाहतात. वेळापत्रक सरांच्या शंकेला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे.

वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात चौकोनी फरशा असतील तर आणखी एक गोष्ट वीस मिनिटांत होते. मुलांनी एका रेषेत उभे राहून प्रत्येकाने नाणे उडवायचे. छापा आला तर एक फरशी उजवीकडे, काटा आला तर डावीकडे. सोळा नाणेफेकी झाल्या की प्रत्येकाने आपले अंतर लिहायचे. सगळ्यांची सरासरी शून्याच्या आसपास येते आणि मुले निराश होतात. मग प्रत्येक अंतराचा वर्ग करून सरासरी काढायची. ती सोळाच्या जवळ येते, म्हणजे नेहमीचे अंतर चार फरशा. आमच्याकडे एकदा एक मुलगा ओरडला, 'सर, विषम फरशीवर कोणीच नाही!' सोळा ही सम संख्या असल्याने तसे होणारच, पण ते त्याने स्वतः पाहिले. त्यानंतर दोन दिवस त्याने मला प्रश्न विचारून विचारून हैराण केले.

हेच वर्गमूळ त्या मुलीच्या दाबमापकाला उत्तर देते. १०० नाणी उडवली तर छाप्यांची संख्या पन्नासपासून पाचेकाने ढळते, म्हणजे एकूण नाण्यांच्या पाच टक्के. दहा हजार नाण्यांत ती पन्नासेकाने ढळते, पण तो झाला अर्धा टक्का. एक लिटर हवेत रेणूंची संख्या अडीच गुणिले दहाचा बाविसावा घात अशी काहीतरी असते. तिथे हे ढळणे एक लाख कोटींत पाच-सात भाग इतके उरते. काटा थरथरतोच, पण ती थरथर कोणत्याही काट्यावर दिसण्याजोगी नाही.

खडूची धूळ

सर्वांचे मनापासून आभार. काल दुसऱ्या तुकडीत नियम बदलून खेळ घेतला. चिठ्ठ्यांवरचे क्रमांक काढून टाकले, सोडत मुलांचीच ठेवली आणि रिकाम्या हाताची खेळी वाया धरली. निकाल : शून्य चिठ्ठ्या १७ मुलांकडे, एक १० जणांकडे, दोन ४ जणांकडे, तीन ३ जणांकडे, चार एकाकडे आणि पाच एकाकडे. फळ्यावर जुने आणि नवे स्तंभालेख शेजारी काढले. एका मुलाने लगेच विचारले की सुरुवातीला प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या दिल्या तर काय होईल. ते उद्या करून पाहणार आहोत.

व्हरांड्याच्या फरशांवर सोळा नाणेफेकी केल्या. वर्गांची सरासरी १४ आली आणि सात मुले जिथून निघाली तिथेच परत आली होती.

आता एक शेवटचा प्रश्न. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक मिळतो आहे. त्यात ब्राउनीय गती, म्हणजे रेणूंच्या धक्क्यांनी होणारी पाण्यातल्या बारीक कणांची थरथर, मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल का? आमची इमारत रेल्वे रुळांना लागून आहे. मागे एकदा प्रयत्न केला तेव्हा कण हलताना दिसले, पण एक विद्यार्थी म्हणाला की हे लोकलच्या हादऱ्यांमुळे आहे आणि मला त्याचे म्हणणे खोडता आले नाही.

संख्यावाला

प्रत्येकी तीन चिठ्ठ्यांबद्दल आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उद्या पडताळता येईल. आता प्रत्येक पायरीला निम्मे होण्याऐवजी पाऊण होत जाईल. साधारण ९, ७, ५, ४ असे. उतार मंद होणे म्हणजेच तापमान वाढणे. आपल्या खेळात तापमान हा आकडा कोणा एका मुलाच्या चिठ्ठ्यांत सापडत नाही, तो उताराच्या तीव्रतेत असतो, हे मुलांकडून वदवून घेता आले तर पाहा. मात्र चिठ्ठ्या १०८ असल्याने दोनशे खेळ्या पुरणार नाहीत, निदान पाच-सहाशे तरी कराव्यात. एखाद्या मुलाला संगणकावर करू दिले तर उत्तमच.

परळची प्रयोगशाळा

मी प्रयोगशाळा साहाय्यक आहे, त्यामुळे सिद्धांत सोडून हाताने करण्याचे तेवढे सांगते.

पिशवीतले होमोजिनाइज्ड दूध घ्या. त्यातले स्निग्धाचे गोळे एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. सुट्या म्हशीच्या दुधातले गोळे मोठे असतात आणि फारसे हलत नाहीत. एक थेंब दुधात शंभरेक थेंब पाणी मिसळा, त्यातला लहानसा थेंब काचपट्टीवर घेऊन वर आच्छादक काच ठेवा आणि तिच्या चारही कडांना व्हॅसलिन लावून बंद करा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. मग कडेने पाणी सुकत जाते आणि सगळे कण एका बाजूला वाहताना दिसतात. पंखा बंद ठेवा, दिवा लावल्यावर पाच मिनिटे थांबा आणि चारशेपट वर्धनाखाली पाहा.

आता लोकलचा हादरा. हादरा बसला तर शेजारशेजारचे कण एकदम एकाच दिशेने हलतात, वाहत्या पाण्यातही तसेच होते. ब्राउनीय गतीत शेजारचे दोन कण एकमेकांना विचारत नाहीत. एक डावीकडे सरकतो तेव्हा दुसरा वर जातो किंवा जागीच थरथरतो. त्या विद्यार्थ्यालाच दोन शेजारी कण निवडायला सांगा आणि लोकल जाताना व गेल्यावर दोन्ही वेळा पाहू द्या. १८२७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनाही अशीच शंका फेडावी लागली होती, फक्त तिथे शंका हादऱ्यांची नसून सजीवतेची होती. परागकणांच्या आतले बारीक कण हलताना पाहून ते जिवंत असतील असे वाटण्याजोगे होते, म्हणून त्यांनी काच आणि दगड यांची पूड करून पाहिली आणि तीही हलली. पुष्कळ ठिकाणी खुद्द परागकणच नाचतात असे छापलेले असते. परागकण त्या मानाने फार मोठे असतात.

मोबाइल नेत्रिकेवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याकडच्या भिंगावर, धरून चित्रफीत घ्या आणि एकाच कणाची जागा दर ३० सेकंदांनी पारदर्शक कागदावर टिंबाने नोंदवा. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झां पेरँ यांनी ब्राउनीय गतीचे आइन्स्टाइन यांचे १९०५ चे सूत्र पडताळताना अशाच ३० सेकंदांच्या नोंदी घेतल्या होत्या. टिंबे रेषांनी जोडली की मुले त्या रेषेलाच कणाचा मार्ग समजतात आणि रेषेची लांबी मोजून वेग काढू लागतात. तिथे त्यांना थांबवा. ३० ऐवजी १० सेकंदांनी टिंबे घेतली तर त्याच एका रेषेच्या जागी तीन वेड्यावाकड्या रेषा येतात आणि 'वेग' वाढलेला दिसतो. वेग काढायचाच नाही, अंतराचा वर्ग काढायचा. एक मायक्रॉन व्यासाचा गोळा पाण्यात एका दिशेने सेकंदात साधारण एक मायक्रॉन ढळतो, आणि मिनिटात ६० नव्हे, आठेक मायक्रॉन.

दाबमापकाचा काटा का थरथरत नाही, असे विचारणाऱ्या त्या मुलीला पहिल्यांदा नेत्रिकेपाशी बसवा. आच्छादक काचेवरही पाण्याचे रेणू तसेच आदळत असतात, पण ती जागची हलत नाही, आणि तिच्याखालचा गोळा मात्र धक्क्यांतल्या जराशा असमतोलानेही सरकतो. दोन्ही एकाच दृश्यात आहेत, हे तिला दाखवा.

काचपट्टी तासाभराने बदला. दिव्याच्या उष्णतेने दूध नासले की गोळे एकमेकांना चिकटतात आणि सगळे शांत होते.